खाऊच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या घरात खाऊ ओळखण्यात सगळ्यांत ढ मी. भादव्याच्या पुनवेला वऱ्हाडातल्या पोरी भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची पोरगी झाकण लावलेला डबा आणते आणि एकेकीच्या कानाशी हलवते. आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाई म्हणायचो, ती एकदा ऐकूनच सांगायची, "भाजके दाने, अन् त्यात गूळ हाय." धाकटीला तर नुसता वास पुरायचा. मी मुलगा असून पोरींत घुसून बसायचो आणि दर वर्षी, दर डब्याला एकच उत्तर द्यायचो, साखरफुटाणे. कधी तरी निघतील, या आशेवर. निघाले नाहीत. मी म्हणतो म्हणूनच माय मुद्दाम ते टाळायची, असा माझा आजही संशय आहे.

मायचा या खेळात एक कायदा होता. ओळखल्याबिगर उघडायचं नाही आणि वाटल्याबिगर खायचं नाही. एका साली धाकटी तापानं पडली होती. बाईनं तिच्या वाट्याची गुळाची चिक्की मुठीत धरून ठेवली आणि खेळ संपेपर्यंत तिच्या कोपरापर्यंत पाक ओघळला. आपल्या वाट्याला तिनं तोंड लावलं नव्हतं. मी माझा वाटा केव्हाच संपवून तिच्या कोपराकडे बघत होतो.

पुढं बाईला बार्शीटाकळीकडच्या एका गावी दिली. चांगली काळ्या जमिनीची माणसं होती. काही वर्षांनी तिला खोकला लागला, अंग उतरलं, आणि तिचा नवरा तिला अमरावतीला आमच्या दारी पोचवून गेला. ओसरीवर टेकलासुद्धा नाही. म्हणाला, "थोडी आरामाले ठेवा."

आमच्याकडे सासरची माणसं ‘आरामाले ठेवा’ म्हणाली की माहेरच्यांनी काय समजायचं ते समजतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरी आणली. मायनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. बाई मात्र म्हणाली, "बरं झालं, ढोरं तरी उपाशी राहनार नाईत."

मी तेव्हा जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. तिथं रुईच्या भुग्यानं सगळेच खोकायचे, त्यामुळे कुणाचा खोकला कशाचा हे विचारायची पद्धत नव्हती. घरी मात्र मी क्षयरोगाचा मोठा अधिकारी झालो. बाईची ताटली वेगळी, लोटा वेगळा, खाटेखाली चुन्याची थुंकदाणी. मी बाजारातून आणलेली नाणीसुद्धा उकळून घ्यायचो. तोंडाला रुमाल बांधून घरात वावरायचो. माय म्हणायची, "पोराले टीबी नाई झाला, पन जैन साधू झाला." मला मुली सांगून येईनात, त्याचं कारण घरातला क्षय की माझा रुमाल, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्याच सुमारास शहरात एक संशोधन सुरू झालं. क्षयाचा रोगी रुग्णालयात न ठेवता घरीच गोळ्या देऊन बरा होतो का, हे पाहायचं होतं. कुणाला कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवत. मायनं त्यासाठी अंबादेवीला नारळ कबूल केला. कुणी सांगितलं की चिठ्ठी उचलायला डॉक्टरांनी देवाला विचारलेलं नाही, तर ती म्हणाली, "त्यानं नाई विचारलं, म्हनूनच मी विचारून राहिली." बाईच्या नावाला पांढरी गोळी निघाली. नुसती गोळी, सकाळी एक नि संध्याकाळी एक, वर्षभर. ती गोळी एकटीच पुरते की सोबत आणखी औषध लागतं, हेही त्यांना समजून घ्यायचं होतं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, चष्मेवाले. आमची भाषा त्यांना भांडणासारखी वाटायची. पहिल्या दिवशी मायनं विचारलं, "काहून जी, हे गोई रोज खाची काय?" तर ते दोन पावलं मागे सरले. मग समजावून सांगू लागले. गोळी एकही चुकवायची नाही. बरं वाटलं तरी बंद करायची नाही, कमी करायची नाही.

"जंतूला अर्धवट मारलं ना, की तो शहाणा होतो," ते म्हणाले. "मग त्याला तीच गोळी दिली तरी तो हसतो."

माय म्हणाली, "आमच्या जावयासारखा."

रोग्याजवळ राहिलेल्या सगळ्यांना तपासायचं होतं. मायला तपासलं, मला तपासलं. मी तर रुमालासकट गेलो होतो. आम्ही दोघं ठणठणीत निघालो. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कोण? धाकटी लग्न होईपर्यंत बाईच्याच अंथरुणाशेजारी झोपायची. पण ती आता अकोल्याला होती, सरकी-ढेपीच्या दुकानदाराची सून, मांडीवर वर्षाचा मुलगा. मायनं घाईघाईनं सांगितलं, "आनखी कोनी नाई." एक घरी परत आली होती, दुसरीच्या नावाला मायला धक्का लागू द्यायचा नव्हता.

आता ती बाटलीची गोष्ट. आमच्या नात्यात लग्नकार्य असलं की पोरं मला घेरून हीच सांगायला लावतात. रोगी गोळ्या खरंच खातो का, हे बघायला दवाखान्यातली नर्सबाई न सांगता यायची आणि लघवीची बाटली भरून मागायची. गोळी पोटात गेली असेल तर ते त्या लघवीत दिसायचं. एकदा ती आली तेव्हा बाई नहाणीत होती आणि नर्सबाईला घाई होती. पाहुणीला ताटकळत ठेवणं मायच्या तत्त्वात बसेना. तिनं बाटली उचलली, मागच्या दारी गेली आणि स्वतःच भरून आणली. वर चिवडाही दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर धावत आले. बाटलीत औषधाचा मागमूस नव्हता. बाईनं शपथा घेतल्या, मी तिच्या बाजूनं शपथा घेतल्या, शेवटी माय म्हणाली, "एकाच हिरीचं पानी पितो आमी सगळे. फरक काहून पडन?"

पोरं इथं गडबडा लोळतात. मी इथंच थांबतो, कारण पुढच्या भागात हसण्यासारखं फारसं नाही.

त्या दिवसापासून नर्सबाई बाटली भरेपर्यंत नहाणीच्या दाराशी उभी राहू लागली. अमरावतीचं ऊन तिला सोसायचं नाही, म्हणून ती यायची ते सकाळीच यायची. बाई सकाळची गोळी तिच्यासमोर घ्यायची. बाटली चोख, घरात उरलेल्या गोळ्या मोजल्या तर त्याही चोख. चार-पाच महिन्यांत बाईच्या गालावर मांस आलं, थुंकीत जंतू दिसेनात. डॉक्टर इतर रोग्यांना आमच्या घराचा दाखला देऊ लागले. मी रुमाल सैल केला.

दिवाळीला धाकटी मुलाला घेऊन आली. भाऊबीज झाली त्या दुपारी ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. तिथं ती खोकली. पदराचा बोळा तोंडात कोंबून, बारीक. बाई ओसरीवर खाटेवर पडली होती. डबा एकदाच हलवून खाऊ ओळखणारी बाई ती. तिनं तो खोकला ओळखला.

त्यानंतरचं बोलणं मला बाईनं पुष्कळ मागाहून सांगितलं. ती उठून अंगणात गेली आणि म्हणाली, "दवाखान्यात चाल."

धाकटी म्हणाली, "मंग तिकडं कळन. तुले जसं आरामाले धाडलं तसं मले धाडतीन. अन् पोरगं ठेवून घेतीन."

"नाई कळनार."

"बाई, डाक्टर घरी येते. बाटली मांगते. माह्या सासूच्या घरी बाटली कोन भरन? माय काय अकोल्याले येनार हाय?"

त्यावर दोघी हसल्या म्हणे. आणि हसणं झाल्यावर बाईनं ठरवलं.

तिचा हिशेब साधा होता. आपल्याला आता बरं आहे. आपल्याला एका वेळची गोळी पुरे, संध्याकाळची धाकटीला. दोघी हळूहळू बऱ्या होऊ, थोडा उशीर लागेल एवढंच. एकीचा संसार गेला, दुसरीचा राहील. एकीनं बसून खायचं आणि दुसरीनं नुसतं बघायचं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

अकोल्याला डबा न्यायचं काम माझ्याकडे होतं. जिनिंगच्या कामानं मला महिन्या-पंधरा दिवसांनी तिकडे जावंच लागायचं. बाई पितळी डबा भरून, वर फडकं बांधून देऊ लागली. मी लगेच कानाशी हलवायचो.

"ओळख," ती म्हणायची.

"साखरफुटाणे."

"तुले जन्मात नाई जमनार. तिच्या हाती देजो. सासूच्या हाती नाई."

"काहून?"

"सासू वाटून टाकते. लेकीले खायाले भेटत नाई."

मला ते पटलं. वरच्या थरात मुरमुऱ्याचे लाडू असायचे, किंवा शेव. खाली पुडीत गोळ्या. मी एसटीच्या खिडकीशी बसायचो, तोंडाला रुमाल, कारण शेजारचा कोण कुठल्या रोगाचा असेल ते सांगता येत नाही. डबा मांडीवर. मूर्तिजापूरच्या थांब्यावर उतरून चहा प्यायचो तेव्हाही डबा काखेत.

उन्हाळा लागला तसं बाईचं अंग पुन्हा उतरू लागलं. थुंकी तपासली, जंतू होते. डॉक्टरांनी ती कुठं तरी मोठ्या ठिकाणी पाठवली, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की हा जंतू आता या गोळीला दाद देत नाही. डॉक्टर आमच्या ओसरीवर डोकं धरून बसले. बाटल्या चोख, गोळ्या चोख, नर्सबाईच्या डोळ्यांदेखत सगळं. ते म्हणाले, "असं व्हायला नको होतं. तुमच्याकडे तर मुळीच नको होतं." बाई खाली बघून चटईची काडी मोडत राहिली. मग सुया सुरू झाल्या. तिच्या कानात घंटा वाजू लागल्या, तोल जाऊ लागला. खोकला राहिला.

आणि तरी डबे जातच होते. आपल्याला गोळी लागू पडत नाही म्हटल्यावर बाईनं जवळच्या उरलेल्या सगळ्याच धाकटीला धाडल्या. तिला तरी लागू पडेल म्हणून.

श्रावणात अकोल्याहून एका ट्रकवाल्याबरोबर निरोप आला, धाकटीच्या सासूनं मला बोलावलंय. मला वाटलं, भाच्याचं जावळ काढायचं असेल, मामाचा मान असतो. मी इस्त्रीची टोपी घातली आणि भाच्यासाठी टोपडं घेतलं.

सासू ढेपीच्या पोत्यांजवळ चटईवर बसली होती. तिच्या मांडीवर आमचा पितळी डबा.

"या पाहुने, बसा," ती म्हणाली. तिनं डबा उचलला आणि माझ्या कानाशी हलवला. "सांगा बरं, काय हाय यात?"

जन्माची सवय. मी म्हणालो, "साखरफुटाणे, मावशी."

तिनं झाकण काढलं. लाडू संपले होते. तळाशी पांढऱ्या गोळ्या. मी त्या पाहताक्षणी ओळखल्या, इतके महिने रोज सकाळी बाईच्या तळहातावर पाहिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा डब्यातलं काही ओळखलं, तेही उघडल्यावर.

"माह्या पोराच्या संसारावर कोनती करनी करून राहिले तुमी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "थोरलीले नवऱ्यानं टाकलं, म्हनून धाकटीचंही घर मोडाचं हाय काय? का हिले दुसरं लेकरू होऊ नाई म्हनून हाय हे?"

खरं सांगितलं तर धाकटीचं घर जात होतं. न सांगितलं तर आम्ही करणी करणारे ठरत होतो, आणि तेव्हाही तिचं घर जातच होतं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

सैपाकघराच्या दारातून धाकटी म्हणाली, "करनी नाई, आत्याबाई. औषध हाय. क्षयाचं." मुलगा तिच्या कडेवर होता. एवढं बोलून तिला जो खोकला आला तो तिनं दाबला नाही.

सासू उठली. आधी तिनं नातवाला तिच्या कडेवरून घेतलं. मग मोरीवर जाऊन हात धुतले, मुलाचेही धुतले. मी घरी जे जे करत होतो तेच ती करत होती, त्यामुळे मला बोलायला जागा नव्हती.

"दादासंग जाय," ती म्हणाली. "थोडी आरामाले."

परतीच्या गाडीत धाकटी खिडकीशी बसली. आणलेलं टोपडं माझ्या खिशातच राहिलं होतं. बडनेरा आल्यावर म्हणाली, "दादा, बाईले सांगू नको, मी सोताहून बोलली म्हनून. तिले वाटलं पाह्यजे, त्याहिले सापडलं."

घरी पोचलो तेव्हा बाई ओसरीवर भिंतीला धरून उभी होती. तिनं धाकटीच्या हातातलं बोचकं पाहिलं, कडेवर मूल नाही हे पाहिलं. "काहून आली?" एवढंच म्हणाली, आणि आपल्या खाटेवरची एक वाकळ उचलून शेजारी अंथरली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला. धाकटीचीही थुंकी गेली, आणि यायचं तेच उत्तर आलं. तिच्याही जंतूला गोळी चालत नव्हती. डॉक्टर मायला म्हणाले, "आई, एकीचं औषध दोघींत वाटलं, म्हणजे दोघींनाही दिलं नाही, असं झालं."

माय म्हणाली, "आमच्यात एकटीनं खात नाईत, डाक्टरसाहेब."

"हा खाऊ नव्हता हो."

"तुमाले मालूम. तिले कोनी सांगतलं?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चुकवू नका, कमी करू नका. वाटू नका, एवढं मात्र सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. पुण्याकडे बहुधा तशी वेळ येत नसावी.

धाकटीलाही सुया झाल्या. उशीर झाला होता. दोघींच्या खाटा ओसरीवर शेजारी लागल्या आणि मी दोन थुंकदाण्या सांभाळू लागलो. मुलाला एकदा आणा, असा निरोप मी अकोल्याला तीनदा नेला. ते म्हणाले, लेकराले लागन. मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते बरोबर बोलतात, लहान मुलाला आणू नये. धाकटी म्हणाली, रस्त्यावर उभं करा, मी फाटकातून पाहीन. मी तेही सांगून आलो. त्यांनी पाहू म्हटलं.

भादव्याची पुनव आली. आमच्या अंगणात आता पोरी येत नसत. शेजारच्या घरी भुलाबाई मांडली होती, मध्ये फक्त एक भिंत. गाणी संपली आणि डबा हलल्याचा आवाज आला.

"फुटाने," धाकटी म्हणाली.

"फुटाने कुठचे? मुरमुरे हायेत. दाने थोडे."

भिंतीपलीकडून एक पोरगी ओरडली, "मुरमुरे." बाईनं धाकटीकडे जिंकल्यासारखं पाहिलं. पलीकडे वाटावाटी सुरू झाली. आमच्याकडे काही यायचं नव्हतं आणि कुणी तशी वाट पाहत नव्हतं.

धाकटी दसऱ्यानंतर गेली. माती अमरावतीलाच झाली. सासरहून तिचा नवरा आला होता, एकटा.

संशोधन संपलं, डॉक्टरांची बदली झाली. जाण्याआधी ते भेटायला आले. बाईनं विचारलं, "माहं नाव कशात टाकलं जी?"

"औषध लागू पडलं नाही, त्यात."

"लागू पडलं होतं. मी अर्धं घेत होती."

"तसा रकाना नाही, बाई."

"मंग राहू द्या," ती म्हणाली.

संक्रांतीच्या सुमारास तिला उठून बसवावं लागत होतं. एका दुपारी तिनं खाटेखालचा पितळी डबा मागितला. मी दिला. तिनं तो पांघरुणात घेऊन काही तरी खटपट केल्यासारखं केलं, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी माझ्या कानाशी हलवला. आतून कसलाच आवाज आला नाही.

"ओळख," ती म्हणाली.

"साखरफुटाणे," मी म्हणालो.

"तुले जन्मात नाई जमनार," ती म्हणाली, आणि डबा उशाशी ठेवून भिंतीकडे वळली.